वेढ्याचा नकाशा आणि तटाआडची माणसे

एकाच ख्रिस्ताला भजणाऱ्या दोन पंथांनी युरोप कसा रक्तबंबाळ केला, हे पाहायचे तर वेढलेल्या नगरांचे जुने नकाशे उलगडावेत. ला रोशेल हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रोटेस्टंटांचे बंदर. १६२७ साली तेराव्या लुईच्या कॅथलिक सैन्याने त्यास वेढा घातला. इंग्लंडची समुद्रमार्गे येणारी मदत तोडण्यासाठी कार्डिनल रिशल्यूने सुमारे १४०० मीटर लांबीचा बांध घातला. ऑक्टोबर १६२८ मध्ये नगर शरण आले, तेव्हा सुमारे २७,००० रहिवाशांपैकी जेमतेम ५,००० उरले होते. बहुतेक जण उपासमारीने व रोगराईने गेले.

या विजयाचा भव्य नकाशा राजासाठी कोरला तो लोरेनच्या झाक कालोने. बांध, गलबते, छावण्या, सारे रेखीव! भूक मात्र त्यात कोठे दिसावी? आकाशातून पाहिलेले नगर सुबकच भासते, आणि विजेत्याला तेवढेच हवे असते.

१६३३ मध्ये त्याच लुईने कालोचे जन्मगाव नान्सी घेतले. त्याच वर्षी कालोची युद्धाच्या हालअपेष्टांची १८ चित्रे प्रसिद्ध झाली. जेमतेम वीतभर लांबीची ती चित्रे: लुटलेली घरे, जळणारी गावे, एकाच झाडाला लटकणारी अनेक प्रेते.