खड्याला रोजचा भाव नसतो, गिऱ्हाईक असतं



आज आम्ही खड्यांविषयी बोलणार आहोत. बारामती-इंदापूरकडे चमकता खडा दोन वाटांनी घरात येतो. एक वाट विहिरीतून. सुरुंगाच्या मालात एखादा दगड फुटतो आणि त्याच्या पोटात पांढरे, गुलाबी स्फटिक दिसतात. दुसरी वाट विकणाऱ्याच्या पिशवीतून. “ताई, दुर्मिळ खडा आहे, सोन्यापेक्षा जास्त वाढेल,” असं म्हणत तो येतो. पहिल्या वेळी प्रश्न असतो, देऊ का? दुसऱ्या वेळी, घेऊ का?

आधी विहिरीची गोष्ट. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. भाकरी फुगताना वाफ अडकते तसे त्यात वायू अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं, पाण्यातली खनिजं साठत गेली आणि त्यांचे स्फटिक झाले. काही नुसती गारगोटी असते. काही झिओलाइट गटातली खनिजं असतात, जसं स्टिल्बाइट. त्यांच्या सोबतीला ॲपोफिलाइटही सापडतं.

ही खनिजं जगभरचे संग्राहक जपतात. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा असे नमुने निघाले आणि थेट लंडनच्या संग्रहालयात गेले. आपल्याच जिल्ह्यात पाषाणला हिरवं ॲपोफिलाइट निघालं. वाघोलीच्या खाणींत गडद निळं कॅव्हन्साइट निघालं. ते पहिल्यांदा अमेरिकेत ओळखलं गेलं, पण सुंदर नमुन्यांसाठी नाव झालं ते वाघोलीचं. बघायची इच्छा असेल तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालय आहे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही अंगठीत घालायची रत्नं नव्हेत. हिऱ्याचा कठीणपणा १० धरला तर गारगोटीचा ७ आणि कॅव्हन्साइटचा जेमतेम ३ ते ४. चाकूने त्यावर ओरखडा उठतो. म्हणून इथे किंमत वजनाला नसते. स्फटिक अखंड आहे का, टोकं शाबूत आहेत का, रंग कसा आहे, तो मूळ दगडावर बसलेला आहे का आणि कुठे सापडला, यावर किंमत ठरते. हातोडीचा एक घाव बसला की संग्राहकाच्या लेखी त्या नमुन्याची बरीच किंमत गेली.

तेव्हा असा दगड निघाला तर फोडू नका, ॲसिडने धुऊ नका, विस्तवाजवळ ठेवू नका. कापडात गुंडाळा, फोटो काढा, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पाटीभर दगड कुणी किलोवर मागितले तर घाई करू नका. पुण्यात फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवतात, तिथे दाखवून विचारता येतं. आणि विकण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा. जमीन आपली असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर साधारणपणे शासनाचा हक्क असतो. परवानगीशिवाय काढून विकलं तर दंड होऊ शकतो.

आता दुसरी वाट, खडा विकत घेण्याची. सोन्याचा भाव रोज छापून येतो. दागिन्यावर हॉलमार्क असतो, सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. गरज पडली तर कुठल्याही पेढीवर मोड करता येते, बँकेत तारण ठेवता येतं. माणिक, पाचू, नीलम यांना असा एक भाव नाही. खरा माणिक असतो, तापवून रंग खुलवलेला असतो, भेगांत काच भरलेला असतो आणि कारखान्यात बनवलेलाही असतो. नुसत्या डोळ्यांना चारही सारखेच वाटतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

‘कॅरट’ या शब्दानेही गोंधळ होतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. खड्याचा कॅरट म्हणजे वजन, आणि पाच कॅरटचा एक ग्रॅम होतो. “बावीस कॅरटचा खडा” ऐकून तो शुद्ध असल्याचं समजू नका.

म्हणून विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. एक, रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला आहे का, आणि त्यात खड्यावर काय प्रक्रिया केली ते लिहिलंय का? दोन, पक्की पावती देणार का? तीन, हा खडा मी उद्या विकायला काढला तर तुमच्याशिवाय दुसरं कोण घेईल, आणि कितीला? तिसऱ्या प्रश्नावर तो अडखळला तर समजा, ती गुंतवणूक नाही, हौस आहे.

हौसेला आमची ना नाही. आवडला खडा तर मिरवावा. पण मुलीच्या फीचे, दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले, बचत गटातून उचललेले पैसे त्यात घालू नयेत. अडचण रात्री-अपरात्री येते आणि संग्राहक काही आपल्या दारात उभा नसतो.

दुर्मिळ असणं एक आणि विकलं जाणं दुसरं. विहिरीतला दगड देताना आणि पिशवीतला खडा घेताना, दोन्ही वेळा एवढंच आठवा: याला गिऱ्हाईक कोण?