व्याधी हा अपराध नव्हे

(नागपूर येथील एका बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

उपासक बंधूंनो आणि उपासिका भगिनींनो,

मी वकील आहे, तेव्हा कायद्याच्या कलमांविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. ती मी पुरी करीन. परंतु त्याआधी, आपल्या वस्त्यांत ज्याविषयी केवळ दबक्या आवाजात बोलले जाते, तो विषय उघडपणे मांडावयाचा आहे. तो म्हणजे सिकलसेल हा आजार; आणि हा जन्माचा आजार घरात असता मनाने कसे उभे राहावे, हा प्रश्न.

विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागास समाजांत हा आजार बराच आढळतो. आपला समाज त्यास अपवाद नाही. या आजारात रक्तातील वाटोळ्या व लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, म्हणून हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठतात. त्या लवकर नाश पावतात, म्हणून अंगात रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. कळ आज उठेल की महिन्याने, हे कोणासच सांगता येत नाही. ही अनिश्चितता मनाला अधिक कुरतडते. मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासापेक्षा कळेच्या भयाने जागतो. चार दिवस तो बरा दिसला की लोक त्यास आळशी म्हणतात. आई उशाशी बसून रात्र काढते, बाप गप्प होतो, आणि धाकट्या भावंडाकडे पाहावयास कोणी उरत नाही.

अशा घरात डॉक्टरच्या आधी कर्मसिद्धांत येऊन बसतो. ज्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांस सांगितले की तुमची अस्पृश्यता हे तुमच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, तोच सिद्धांत आज आजारी लेकराच्या आईस सांगतो की हे तुझेच पाप फळास आले. सुनेस पांढऱ्या पायाची ठरविले जाते. बंधूंनो, अस्पृश्यतेच्या बाबतीत ज्या सिद्धांतावर आपण पाणी सोडले, तो आजाराच्या बाबतीत मागल्या दाराने घरात का घ्यावा? पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे या जन्मी माणसाच्या माथी मारणारी ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांस हेच विचारतो. भगवंत सांगतात की पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट अशा अनेक कारणांनी वेदना उत्पन्न होतात. सर्वच वेदना पूर्वकर्माच्या म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभव सोडून बोलतात.

विज्ञानाचा निर्णयही ऐका. आई आणि बाप या दोघांकडून दोष आला तरच मूल सिकलसेलग्रस्त होते. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. वाहकास हिवतापाच्या गंभीर रूपापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हा गुण पिढ्यानपिढ्या टिकला. यात पाप कोठे आहे आणि अपराधी कोण आहे?

भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यामागून मन स्वतःस जो संताप व शोक लावून घेते, तो दुसरा. याचा अर्थ रोग्याने रडू नये असा करू नका. कळ उठली असता मूल रडते, यात दुबळेपणा नाही, आणि त्यास दटावणे हा धम्म नव्हे. दुसरा बाण तो, जो ‘मीच दोषी’, ‘मी घरावर भार’ अशा विचारांनी रुततो. तो बऱ्याच वेळा घरच्यांच्या बोलण्यातूनच सुटलेला असतो.

तो रोखण्याचे उपाय साधे आहेत. पाणी भरपूर पिणे, थंडी व अतिश्रम टाळणे, ताप येताच दवाखाना गाठणे, डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक ॲसिडची औषधे न चुकविणे, हे आपल्या हातचे आहे. जे हातचे आहे ते नेमाने केले की जे हातचे नाही त्याचे भय ओसरते. शुश्रूषेच्या पाळ्या लावा; एकट्या आईवर सारे टाकू नका. मळात पडलेल्या आजारी भिक्खूस भगवंतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, हे विनयात नमूद आहे. मग पुरुषाने रोग्याच्या उशाशी बसण्यात कमीपणा कसला? दर पौर्णिमेस विहारात अशी कुटुंबे एकत्र बसोत व मन मोकळे करोत. निराशा आवरेनाशी झाली, तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

विवाहापूर्वी वधू व वर दोघांचीही रक्ततपासणी करा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. पण दोघेही वाहक असतील, तर पुढील गोष्ट जाणून निर्णय घेता येतो. लपविलेली गोष्ट पुढे संसार मोडते, तेव्हा कोर्टात तिचा उच्चार सर्वांदेखत होतो.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे. कलम ३ अन्वये समतेचा हक्क आहे. कलम १७ अन्वये परीक्षापद्धतीत जादा वेळेसारखे बदल करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागांचे आरक्षण लागू होते. मात्र कलम ३४ च्या नोकरीतील आरक्षणात रक्ताचे आजार स्वतंत्रपणे घातलेले नाहीत. ही उणीव आहे. तीविरुद्ध संघटितपणे मागणी केली पाहिजे. तसेच मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनाच्या उपचारांचा हक्क दिला आहे. तो मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

बाबासाहेबांस मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी अखेरच्या वर्षांत ग्रासले होते. तशा देहाने त्यांनी आपला ग्रंथ पुरा केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत दीक्षा घेऊन आपणांस दिली. ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपले आयुष्य लांबविल्याबद्दल त्यांनी पत्नीचे व डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे. एवढ्या मोठ्या पुरुषास आपले आजारपण सांगण्याची व दुसऱ्याची मदत मान्य करण्याची लाज वाटली नाही. आपणांस तरी ती का वाटावी?

आज घरी गेल्यावर आजारी लेकरास एवढे सांगा : यात तुझा दोष नाही, तुझ्या आईचा नाही, आणि तू एकटा नाहीस.

नमो बुद्धाय. जयभीम.