जमिनीतील कोष ओळखा, मग उपाय ठरवा

(औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे शेतकरी व परसबाग करणाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



खुरपताना, आळे मोकळे करताना किंवा नांगराच्या तासात खजुराच्या बीसारखी तपकिरी वस्तू आपल्याला सापडते. काही जण ती फेकून देतात, तर काही जण लगेच जमिनीत औषध ओततात. पण ही वस्तू म्हणजे किडीचा कोष असतो. अळी खाऊन पूर्ण वाढली की मातीत शिरते, कोष करते आणि त्यातून पतंग, माशी किंवा भुंगेरा बाहेर पडतो. कोष काही खात नाही, त्यामुळे पिकावरील फवारणीचा त्याच्यावर परिणाम होत नाही. शिवाय मातीत सापडणारा प्रत्येक कोष शत्रूचा नसतो. म्हणून आधी ओळख पटवावी.

पतंगाचे कोष : हे तपकिरी, गुळगुळीत व शेपटाकडे निमुळते असतात. बोट लावल्यास शेपटाकडील भाग वळवळतो. हरभरा, तूर व कपाशीवरील घाटेअळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि २०१८ साली भारतात प्रथम आढळलेली मक्यावरील लष्करी अळी या तिन्हींचे कोष सुमारे दीड ते दोन सें.मी. लांब असतात. नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे करणे कठीण जाते. त्यासाठी आधीचे पीक कोणते होते ते पाहावे. बोटाएवढा जाड कोष आणि त्याला सुरईच्या कानासारखा वळलेला दांडा दिसला, तर तो रताळ्याच्या वेलावरील मोठ्या पतंगाचा समजावा. तो दांडा म्हणजे पतंगाच्या सोंडेचे वेष्टन होय.

माशीचे कोष : पेरूच्या झाडाखाली किंवा कारली-दोडक्याच्या वेलाखाली गव्हाच्या दाण्याहून लहान, पिवळसर तपकिरी, पिंपाच्या आकाराचे व वळ्या असलेले कोष सापडतात. ते फळमाशीचे असतात. किडकी व गळलेली फळे रोज वेचून नष्ट केली, तर अळ्या मातीत उतरतच नाहीत.

भुंगेऱ्याचे कोष : हे पांढरट पिवळे व मऊ असतात. त्यांचे पाय व पंख सुटे दिसतात. हुमणीचा कोष असाच असतो. मात्र शेणखताच्या खड्ड्यात माती-शेणाच्या घट्ट गोळ्यात असलेला कोष बहुधा कुजके खाणाऱ्या भुंगेऱ्याचा असतो. अशा भुंगेऱ्यांपैकी काहींची अळी पाठीवर सरपटते. हुमणी तशी चालत नाही.

मित्रांना ओळखा : मुंग्यांच्या वारुळातील पांढरे दाणे, ज्यांना आपण मुंग्यांची अंडी म्हणतो, ते बहुधा त्यांचे कोष असतात. लिंबासारखे दोन्हीकडे टोकदार, वळ्या नसलेले बारीक दाणे गांडुळाचे असतात. मेलेल्या अळीच्या कातडीजवळ लालसर पिंपासारखा कोष दिसल्यास तो अळीवर जगणाऱ्या परोपजीवी माशीचा असण्याची शक्यता असते. हे सर्व जपावेत.

बरणीची परीक्षा : शंका असल्यास रुंद तोंडाच्या बरणीत दोन इंच ओलसर माती घालून त्यात कोष ठेवावा. तोंडाला मलमलचे फडके बांधून बरणी सावलीत ठेवावी. उबदार दिवसांत बहुधा दहा-पंधरा दिवसांत कीटक बाहेर येतो. थंडीत अधिक दिवस लागतात. पुढील पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो लष्करी अळीचा नर पतंग असतो. मागील फिकट पंखाला रुंद काळसर किनार असेल तर पतंग घाटेअळीचा समजावा. पतंगाऐवजी माशी किंवा गांधीलमाशीसारखा बारीक कीटक निघाला, तर आपल्या शेतात मित्रकीटक काम करीत आहेत असे समजावे.

उपाय : पीक निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. वर आलेले कोष उन्हाने मरतात आणि बगळे, साळुंक्या ते वेचून खातात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब व बाभळीवर रात्री जमणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. परसबागेत व कुंड्यांत पतंगाचे कोष हाताने वेचणे पुरेसे असते.

ओळख पटली नाही तर कोष मातीसह डबीत घालून पैठण रोडवरील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. औषध खरेदी त्यानंतरच करावी.