टपटप, थपथप, धपधप



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मायबोलीच्या थोरवीचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज तिच्या सर्वांत धाकट्या लेकरांविषयी बोलणार आहोत. व्याकरणकार त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात.

पागोळ्या टपटप गळतात, आई बाळाला थपथप थोपटते आणि जिन्यावरून कोणी धपधप उतरते. बदलले ते केवळ आद्याक्षर. पण भार किती वाढला! टपटप थांबून टिपटिप लागली की पाऊस ओसरला असे समजावे. दारावरची टकटक संकोची पाहुण्याची, खटखट हक्काच्या माणसाची. धाडधाड झाली तर वसुलीदार आला म्हणावे. टिमकी तर नावातच वाजते. स्वतःची टिमकी वाजवणारे प्रत्येक मंडळात एखाद-दुसरे असतातच; आमचे मंडळ अर्थात अपवाद!

कित्येकदा आवाज विरतो आणि शब्द उरतो. आपण टकटक पाहतो, तेव्हा वाजत काहीच नाही.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत असे शब्द जागोजाग आढळतात. ही संपत्ती एकट्या मराठीची नव्हे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले की, आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांतील भाषांत अशा शब्दांचे साम्य आहे. तथापि साम्य फसवेही असते. आपली खटपट म्हणजे धडपड, परिश्रम. हिंदीत खटपट म्हणजे बेबनाव. हिंदीभाषी सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात 'आपने बहुत खटपट की' असे कौतुकाने म्हणून पाहावे. सभेत शांतता पसरेल.

आमच्या चिंतेचा विषय निराळा आहे. परप्रांती वाढणारी आपली मुले आई, पाणी, घर हे शब्द विसरत नाहीत. गळून जातात ते रिपरिप, भुरभुर, थपथप. हे शब्द क्रमिक पुस्तकात क्वचितच येतात आणि अर्थ सांगून शिकवता येत नाहीत. भाकरी थापली जात असताना शेजारी बसलेल्या मुलाच्या कानी ते आपसूक पडत. आता पुष्कळ घरांत भाकरीच थापली जात नाही.

म्हणून मंडळाच्या बालवर्गासाठी आमची एक सूचना आहे. शब्दांच्या याद्या पाठ करवू नयेत. मुलांनी डोळे मिटावेत, एकाने आवाज काढावा आणि बाकीच्यांनी त्याला मराठीत नाव द्यावे. आरंभास पाट, लाटणे आणि एक रिकामा डबा एवढे साहित्य पुरे.