फुल्या भरल्यावरची रेघ

लग्नसराई जवळ आलीये, आमच्या गटात सगळ्यांच्या मांडीवर रुखवताचे मोर-पोपट आहेत. मॅटीवर महिनाभर फुल्या भरायच्या आणि शेवटच्या दोन दिवसांत उलटी टीप, म्हणजे बॅकस्टिच, घालून आकार उठवायचा. गिऱ्हाईक भाव पाडतं ते नेमकं या दोन दिवसांच्या कामावर. चोच जाड झाली, डोळा तिरका आला, असं म्हणतं आणि महिन्याची मजुरी खाली येते. म्हणून आज फक्त या रेघेविषयी बोलू.

आधी दोरा. लडीतला दोरा सहा पदरी असतो. इंचाला १४ घरं असलेल्या मॅटीवर आपण २ पदरांनी फुल्या भरतो, पण रेघेला १ पदर पुरतो. दोन घेतले की रेघ दोरखंडासारखी वर बसते. पदर एकेक करूनच उपसा, दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला.

काळ्याचा मोह आम्ही सोडला आहे. ग्राफमध्ये काळा दिला असला तरी बदलतो. पोपटी पंखाला गर्द हिरवा, गुलाबी पाकळीला डाळिंबी. काळा बुबुळापुरता.

आता टाका. सगळ्या फुल्या संपल्याशिवाय रेघ सुरू करू नका. सुई पुढच्या रिकाम्या छिद्रातून वर काढायची आणि मागे येऊन आधीच्या टाक्याच्या छिद्रात खाली घालायची. उलट केलं तर वर येणारी सुई आधीच्या दोऱ्यात घुसून तो पिंजते. शिवणात घालतो तशी एका दमात आत-बाहेरही नको. एकदा वर, एकदा खाली. टाका एका घराचा, तिरप्या रेघेत फार तर दोन घरांचा. मोराच्या मानेला चार घरं ओलांडून एकच टाका घातला तर मान वळत नाही, मोडते. शिवाय तो बांगडीत अडकतो. दोरा कापडाला टेकला की थांबा. खेचला की छिद्र फाकतं.

रेघ घराच्या मधोमध संपत असेल तर तिथे मॅटीला छिद्र नसतं. तेवढ्यापुरती बोथट सुई ठेवून टोकदार घ्या.

पाठीमागे गाठ नको, चार-पाच टाक्यांखालून दोरा सरकवा. आणि एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे काळा दोरा मोकळ्या पांढऱ्या कापडामागून नेऊ नका, पुढून सावलीसारखा दिसतो. दोन डोळ्यांना दोन दोरे, कंटाळा आला तरी!

ज्यांची काळी दुपदरी रेघ आधीच घालून झाली असेल त्यांनी पूर्ण तुकडा उसवायची गरज नाही. छोट्या कात्रीने पाठीमागून दर दोन-तीन टाक्यांना कापा आणि तुकडे चिमट्याने काढा. लांब दोरा ओढलात तर खालच्या फुल्या सैल होतील. वेळ नसेल तर डोळा आणि चोच तेवढी नव्याने करा, बाकी राहू द्या. गिऱ्हाईक आधी तिथेच बघतं.