वर्तमानपत्र, सिनेमा आणि कपिलेचा काठ

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षे एखादी संस्था चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मंडळे स्थापन करण्याची मराठी माणसाची हौस सर्वश्रुत आहे. ती टिकविण्याची चिकाटी मात्र अशा प्रसंगीच दृष्टीस पडते. त्याबद्दल मी ज्येष्ठ मंडळींचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. चिटणीसांनी मला 'कोणत्याही विषयावर बोला' अशी मुभा दिली. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना विषय आणि संदर्भ क्रमांक कागदाच्या माथ्यावर असल्याशिवाय लेखणी उचलण्याची सवय नसते. म्हणून मी रोजच्या जगण्यातलेच दोन विषय निवडले आहेत : सकाळचे वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा सिनेमा.

नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम सरगूरला आहे. कपिला नदीच्या काठचे हे लहानसे गाव. केरळातील वायनाडकडून ही नदी येते. सरगूरच्या वरच्या अंगाला तिच्यावर १९७४ साली धरण पुरे झाले. पुढे ती नंजनगूडवरून वाहत जाऊन तिरुमकूडलू नरसीपूर येथे कावेरीस मिळते. सरकारी कागदात तिचे नाव कबिनी. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र कपिला.

आमच्या घरी सकाळी दोन वर्तमानपत्रे येतात, एक इंग्रजी आणि एक कन्नड. कन्नड पत्र सौभाग्यवती अक्षर जुळवीत वाचते आणि अर्थासाठी दूधवाल्या अण्णांना थांबवून घेते. त्यामुळे बातमी उशिरा कळते, परंतु पक्की कळते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस अण्णा सायकलवरून उतरण्यापूर्वीच म्हणाले, "हुलि बंतु, सार." वाघ आला! त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरगूर आणि हेग्गडदेवनकोटे या भागांत वाघाच्या हल्ल्यांत शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी राज्य शासनाने नागरहोळे व बंडीपूर येथील सफारी बंद ठेवण्याचा आदेश दिला.

त्या आठवड्यात आम्हाला आप्तेष्टांचे पुष्कळ दूरध्वनी आले. बहुतेकांचा प्रश्न एकच : "सफारी पुन्हा केव्हा सुरू होणार? आम्ही डिसेंबरात यायचे ठरवले होते." सरगूरच्या बाजारात त्याच आठवड्यात निराळा प्रश्न ऐकू येत होता : वेचणीला आलेल्या कापसाच्या शेतात आता जायचे कोणी? वाघ एकच, पण तीनशे कोसांवरून तो करमणूक वाटतो आणि बांधावरून तो यम दिसतो. माझ्या पुण्याच्या भगिनीने मात्र सफारीचा विषय काढला नाही. त्याच सुमारास शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले होते. तिने एवढेच विचारले, "दादा, त्या माणसांच्या घरी कोण कोण आहे?" बातमी वाचण्याची रीत मी तिच्याकडून शिकलो.

आता सिनेमाकडे वळतो. कबिनीच्या काठी कारापूर नावाचे गाव आहे. तेथे १९२४ साली एका माहुताच्या घरी साबू जन्मला. रॉबर्ट फ्लाहर्टी हे दिग्दर्शक किप्लिंगच्या कथेवरील चित्रपटासाठी म्हैसूर संस्थानात आले असता हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. 'एलिफंट बॉय' १९३७ साली प्रदर्शित झाला आणि साबू जगप्रसिद्ध झाला. पुढे त्याने 'द थीफ ऑफ बगदाद' आणि 'जंगल बुक' गाजविले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलात कामगिरी केली, आणि १९६३ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. रसिकांसाठी आणखी एक गंमत : 'मदर इंडिया'तील बिरजूच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांच्या मनात प्रथम साबू होता. तो योग जुळला नाही आणि सुनील दत्त यांचे भाग्य उजळले. मायदेशातील एकाही चित्रपटात साबू दिसला नाही.

याच काठावर काकनकोटेच्या अरण्यात हत्ती पकडण्याचा 'खेड्डा' होत असे. रानटी कळपाला हाकारे घालून नदीतून भक्कम कुंपणात आणीत. तो पाहण्यास देशोदेशींचे पाहुणे येत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. नंतर धरणाचे पाणी चढले, त्या जागेचा बराच भाग आणि कित्येक गावे बुडाली. हत्तींचा माग काढणारे जेनू कुरुब हे या रानाचे मूळ रहिवासी. पाहुण्यांच्या नावांची नोंद राहिली. त्या माग काढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपण येथे बसलेल्यांपैकी कोणी सांगू शकेल, असे मला वाटत नाही.

आपण मराठी मंडळींनी हे का मनावर घ्यावे? कारण या प्रदेशाशी आपले नाते प्रेक्षकाचे नाही. कन्नड भाषेतील पहिला बोलपट 'सती सुलोचना' १९३४ सालचा. त्याचे चित्रीकरण झाले आपल्या कोल्हापुरात. व्ही. शांताराम यांनी चित्रपटगृहाचा उंबरा प्रथम ओलांडला तो हुबळीत, दारावरचा पोऱ्या म्हणून. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाड यांनी ब. व. कारंत यांच्यासह १९७१ साली 'वंशवृक्ष' दिग्दर्शित केला. त्याची कथा याच कपिलेच्या काठी, नंजनगूडला घडते. तेच कार्नाड १९८२ साली 'उंबरठा'त आपल्यासमोर आले. ही देवघेव करणाऱ्यांनी परस्परांची भाषा आणि घरे जवळून पाहिली होती.

गणेशोत्सव, नाट्यवाचन, कोजागिरी हे मंडळाचे कार्यक्रम उत्तमच आहेत आणि ते चालत राहोत. एक्कावन्नाव्या वर्षासाठी माझ्या दोन नम्र सूचना आहेत. एक, मंडळात कन्नडचा वर्ग सुरू करावा. शिकविण्यास शेजारीच पुष्कळ आहेत. दुसरी, वर्षातून एक संध्याकाळ या काठावरील वृद्धांना आदराने बोलवावे : खेड्डा पाहिलेला एखादा माहूत, पाण्याखाली गाव गेलेली एखादी अज्जी. त्यांना बोलू द्यावे आणि आपण ऐकावे. त्यांचे बोलणे त्यांच्या नावानिशी लिहून ठेवले, तर पुढील स्मरणिकेस याहून मोलाचा मजकूर मिळणार नाही. हे वृद्ध फार काळ थांबणार नाहीत, म्हणून सुरुवात याच वर्षी व्हावी.

मंडळाच्या शताब्दीला आपल्यापैकी कितीजण असू हे सांगता येत नाही. पण तेव्हाच्या सभागृहात कन्नड शेजारी पहिल्या रांगेत बसलेले असोत, एवढी शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.