स्वागताध्यक्षांचे भाषण : नारळ-सुपारी बागायतदार परिषद, श्रीवर्धन

सन्माननीय अध्यक्ष, कोकण कृषी विद्यापीठातून आलेले शास्त्रज्ञ आणि रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बागायतदार बंधुभगिनींनो, श्रीवर्धनकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

गावात पाहुणा आला की पेशव्यांचं मूळ गाव म्हणून आम्ही जरा मिरवून घेतो. आज ते राहू द्या. आज मिरवायला इथली रोठा सुपारी आणली आहे, तीही बेताचीच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. पोफळी मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. अरबी समुद्र तापतोच आहे. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले, पण गेलेल्या सावलीचा पंचनामा कोण करणार? पोफळीवर चढवलेल्या मिरवेली गेल्या, वाचलेली जायफळं मागाहून उन्हात करपली. भरपाईचं माप हेक्टरचं आणि आमच्या वाड्या गुंठ्यांच्या! नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर सुपारी सोलणाऱ्या बायांनी आणि माडावर चढणाऱ्या गड्यांनी चूल कशावर पेटवायची?

वादळाचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं, उन्हाचं फार उशिरा कळतं. माडाच्या पोटात पोय धरल्यापासून नारळ उतरवेपर्यंत साधारण 44 महिने जातात. यंदाच्या वैशाखात होरपळलेला माड पुढची दोन-तीन वर्षं त्याचा हिशेब देत राहतो. बोंडगळ झाली की आपण खताला बोल लावतो, पाण्याला लावतो, कधी शेजाऱ्याच्या नजरेलाही! त्यात कोरड्या उष्ण हवेत रुगोज पांढरी माशी फोफावते आणि झावळ्यांवर काजळी धरते. उलट पाऊस ठाण मांडून बसला की सुपारीवर कोळेरोग. बोर्डो मिश्रण फवारायचं तर उघडीप तरी मिळायला हवी ना?

म्हणून यजमानाच्या हक्काने एकच मागतो. नुकसान मोजायला वादळानंतरच्या आठवड्यातच येऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही या. उभ्या माडाच्या पोया मोजा, धरलेली बोंडं मोजा. भाट्ये आणि श्रीवर्धनच्या संशोधन केंद्रांनी मोजण्याची रीत ठरवून द्यावी, आणि तो आकडा भरपाईच्या कागदावर चढावा असा ठराव या परिषदेने करावा. ठराव पुष्कळ होतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी करावा.

जेवणानंतर वाडीत जायचं आहे. पाटाला पाणी सोडलंय, चपला सांभाळा. अध्यक्षमहाराज, आता सूत्रं आपल्या हाती.